चांदीच्या वाटीतलं स्त्रीशिक्षण

"सून मुकी मिळाली, हे आपलं नशीब समज. शाळेत घालून तिला वाचा कशाला फोडतोस?"

हे वाक्य सरोजिनीसाठी नव्हतं. ते सासूबाईंनी आपल्या मुलाला, म्हणजे सरोजिनीच्या नवऱ्याला, म्हणजे गंगाधररावांना उद्देशून म्हटलं होतं. पण ओसरी आणि माजघर यांच्यामधलं दार खालून बोटभर तुटलेलं होतं, आणि त्या दारामागे बसून सुपारी कातरायचं काम नव्या सुनेकडे होतं.

"घालतंय कोण?" गंगाधरराव म्हणाले. "तिच्या माहेरच्या, बार्शीच्या मंडळींना लग्नात शब्द दिलाय. तो पाळल्यासारखा दिसला म्हणजे झालं. जून उजाडला की म्हणू, वर्ग भरला."

"आणि तिनं विचारलं तर?"

"ती विचारते कुठं?"

यावर मायलेक दोघंही हसली. अडकित्ता थांबला असता तर दारामागे कुणीतरी ऐकतंय हे कळलं असतं, म्हणून सरोजिनीनं तो थांबू दिला नाही. सुपारीची खांडं झाली, खांडांची चुरी झाली, चुरीचं पीठ झालं, तरी अडकित्ता चालूच. (पुढे कितीतरी दिवस त्या घरात पान खाणाऱ्याला ठसका लागत असे, आणि सासूबाई म्हणत, यंदाची सुपारीच कोरडी.)

गंगाधररावांविषयी थोडं सांगायला हवं. ते हायस्कुलात इंग्रजी शिकवत आणि उरलेल्या वेळात स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करत. हा पुरस्कार सगळा घराबाहेर होई. घरी आल्यावर तो कोटाबरोबर खुंटीला जाई. सोलापुरात कुठंही या विषयावर सभा भरली की आभार मानायला गंगाधरराव ठरलेले, आणि त्यांचे आभार मूळ व्याख्यानापेक्षा लांब असत. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा त्यांनी 'सरोजिनी' असं नव्या वळणाचं नाव लिहिलं. सासूबाईंना ते हाक मारायला लांब पडे. त्या "अगं ए" म्हणत.

या अगंएची इंग्रजी तिसरी बार्शीला झाली होती. चौथीची पुस्तकं ट्रंकेत घालून ती सासरी आली. ट्रंक माळ्यावर गेली, आणि ट्रंकेवर सासूबाईंनी पापडाचा डबा ठेवला.

तर अशा या गंगाधररावांच्या मनात मुलींच्या शाळेच्या समितीवर जायचं आलं. एक जागा रिकामी झाली होती. समितीचे अध्यक्ष नारायणराव वकील, आणि शब्द चालायचा तो मुख्याध्यापिका लीलाताईंचा. दोघांनाही रविवारी संध्याकाळी घरी फराळाला बोलवायचं ठरलं. इथवर काही बिघडलेलं नव्हतं. पोहे केले असते, वर खोबरं-कोथिंबीर पेरली असती, तर हा सगळा प्रकार सांगायची वेळच आली नसती.

"पोहे सगळेच करतात," गंगाधरराव म्हणाले. "आपण सूप करू."

"ते काय असतं?" सासूबाईंनी विचारलं.

"बटाटा आणि पालक उकडायचा, गाळून एकजीव करायचा, वरून दूध आणि साय. इंग्रज लोक जेवणाआधी पितात."

"आधी? म्हणजे मग जेवण असतं?"

"असतं ना."

"आपण जेवण देणार आहोत?"

"नाही, फराळच."

"म्हणजे जेवणाआधीचं द्यायचं आणि जेवण द्यायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "बरं."

"आई, त्यात व्हिटॅमिन असतं."

"अंडं तर नव्हे?"

"अंडं नाही गं. ते डोळ्यांना दिसत नाही."

"डोळ्यांना दिसत नाही ते माझ्या चुलीवर नको."

(गंगाधररावांनी हे सूप एकदा स्टेशनवरच्या रिफ्रेशमेंट रूममध्ये खाल्लं होतं. घरी त्यांनी ते मासिकात वाचल्याचं सांगितलं. खाल्ल्याचं सांगितलं असतं तर सूप राहिलं असतं बाजूला आणि पंचगव्य करावं लागलं असतं.)

अखेर मुलाच्या समितीसाठी सासूबाई राजी झाल्या, पण आपल्या अटींवर. कांदा नाही, लसूण नाही, हे सांगायलाच नको. चिनी मातीचं भांडं उंबऱ्याच्या आत येणार नाही. सरोजिनीच्या माहेरून आलेल्या चांदीच्या वाट्या आहेत, त्या काढा. स्वयंपाक सोवळ्यात होणार. देवाला दाखवल्याखेरीज कुणी जिभेवर थेंब ठेवायचा नाही, आणि ज्यात साहेबाची कल्पना आहे तो पदार्थ देवाला दाखवायचा नाही. म्हणजे चाखायचा प्रश्नच मिटला. राहता राहिलं मीठ.

"दुधात मीठ?" सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. "गाय मारल्याचं पाप लागतं! ज्याला हवं त्यानं आपल्या वाटीत घ्यावं नि आपल्या डोक्यावर घ्यावं."

कांदा गेला, लसूण गेली, मीठ गेलं, चव बघणं गेलं. उरला बटाटा, पाला आणि गंगाधररावांचं व्याख्यान.

पुरुषांनीही बाजारहाट करावा, असं गंगाधररावांचं एक मत होतं. रविवारी सकाळी ते मत अमलात आलं. गल्लीच्या तोंडाशी दुधनीकडची नागव्वा भाजी घेऊन बसायची. गंगाधरराव कोट घालून, छत्री उघडून तिच्यासमोर उभे राहिले. सरोजिनी मागे चार पावलांवर पिशवी धरून. (पिशवी धरण्याबद्दल त्यांचं काही मत नव्हतं.)

"पालक दे."

"पालक कुटला आणू मास्तर, उन्हानं करपलं की सगळं," नागव्वा म्हणाली. "चुका घ्या. भाळ छलो ऐती, लई चांगला हाय. कसा लुसलुशीत हाय बगा तरी!"

"पण मला पालक पाहिजे."

"तसंच दिसतंय की. शिजल्यावर कुनाला कळतंय?"

गंगाधररावांनी चुक्याचं एक पान उचलून चष्म्याजवळ नेलं. हिरवं होतं. रुंद होतं. शास्त्रीयदृष्ट्या त्यांना हरकत घेण्यासारखं काही दिसेना.

"हिरवं ते हिरवं," ते म्हणाले. "व्हिटॅमिन तेच."

नागव्वानं मागं उभ्या असलेल्या सरोजिनीकडं पाहिलं. "बाई, काय करनार हाय याचं? डाळ टाकून आमटी ना?"

सरोजिनीनं तोंड उघडलं. तेवढ्यात गंगाधरराव वळले. "चल, ऊन लागेल."

घराच्या पायरीवर मात्र ते थांबले आणि लग्नानंतर प्रथमच दिवसाढवळ्या तिच्याशी सलग तीन वाक्यं बोलले. "हे बघ, आईला पालकच म्हणून सांगतो. तू काही बोलू नकोस. बोलत नाहीस म्हणा तू, तोच तुझा गुण आहे."

आता सासूबाईंना चुका ओळखू आला नसता असं नव्हे. जन्म गेला होता त्यांचा पालेभाज्या निवडण्यात. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असून कुणी उच्चारायची नाही, असा घरात रिवाज होता. निवडणं, चिरणं ही कामं आपोआप सुनेकडे आली होती. सासूबाई म्हणत, "तिला वळण लागावं म्हणून."

सरोजिनी विळीवर बसली. चुक्याचे देठ बोटांत करकरीत मोडत होते, आणि त्यांचा आंबट रस नखांत झोंबत होता. बाजूला चुलीवर म्हशीचं दूध तापत होतं, वर पिवळट जाड साय धरत होती. आंबट आणि दूध एकत्र आलं की काय होतं, हे बार्शीला मराठी दुसरीतल्या पोरीलाही ठाऊक असतं.

"सासूबाई," ती म्हणाली, "ही भाजी..."

"भाजी निवडायची असते. भाजीशी बोलायचं नसतं."

सरोजिनीनं पुढचा देठ मोडला. बाजारात गप्प केलं, पायरीवर गप्प केलं, चुलीपाशी गप्प केलं. एकाच दिवसात इतक्या ठिकाणी सांगितल्यावर आणखी एखादी जागा शोधून तिथं बोलण्यात तिला अर्थ वाटेना.

दुपारी बटाटे आणि चुका उकडून झाले. मग पुरणाची चाळणी निघाली. होळीला पुरण गाळायला जेवढं बळ लागतं त्याच्या दुप्पट लागलं. अंगावर सोवळ्याचं लुगडं, समोर चूल, आणि बाहेर सोलापूरचा मे महिना. सरोजिनी वाटीनं रगडत होती, चाळणीखाली हिरवागार लगदा पडत होता, आणि ओसरीवर गंगाधरराव येरझारा घालत संध्याकाळच्या भाषणाची तालीम करत होते.

"घर हीच स्त्रीची खरी शाळा!" ते खांबाला सांगत होते. "आज आपल्यासमोर जे सूप आहे, ते माझ्या पत्नीनं केवळ माझ्या मार्गदर्शनाखाली केलं आहे. शाळेत न जाता! घरच्या घरी आहारशास्त्र शिकून!"

चाळणीवरचा हात थांबला.

म्हणजे सूप चांगलं झालं, तर घरीच एवढं शिकते, हिला शाळा कशाला? आणि बिघडलं, तर साधं सूप जमत नाही, हिला शाळा कशाला? सरोजिनीनं हे गणित सुलट करून पाहिलं, उलट करून पाहिलं. उत्तर एकच येत होतं. पापडाचा डबा ट्रंकेवरच राहत होता.

मग तिनं मनातल्या मनात एक भाषण रचायला घेतलं. 'प्रथमतः मी असे विचारते की' अशी त्याची सुरुवात होती. मध्ये बार्शीला दिलेल्या शब्दाचा उल्लेख होता, दाराखालच्या फटीचा होता, आणि शेवट तर असा होता की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. चाळणीतला शेवटचा बटाटा संपेपर्यंत भाषण तोंडपाठ झालं. (ते म्हणायचं कधी, एवढंच ठरायचं राहिलं.)

संध्याकाळी पाहुणे आले. नारायणराव वकील देहानं भरभक्कम; पायऱ्या चढल्यावर उपरण्यानं वारा घेत त्यांनी पहिला प्रश्न केला तो "भजी तळताहेत वाटतं कुठंतरी?" असा. (भजी शेजारी तळत होते.) लीलाताई पांढऱ्या पातळात, हातात छत्री, बोलणं कमी आणि बघणं जास्त. शेजारून आणलेल्या टेबलाशी त्या पुरुषांच्या बरोबरीनं खुर्चीवर बसल्या, तेव्हा दारामागे सासूबाईंचा श्वास ऐकू आला.

सरोजिनीनं ट्रेमध्ये चांदीच्या वाट्या आणल्या. वाट्यांत निम्म्यापर्यंत वाफाळतं हिरवं सूप होतं. शेजारी पितळी ताटलीत मीठ, आणि साय घातलेल्या कढत दुधाचं तपेलं.

गंगाधरराव उठून उभे राहिले. घर हीच शाळा झालं, व्हिटॅमिन झालं, मार्गदर्शन तर दोनदा झालं. वकिलांचे डोळे वाटीवर आणि कान शेजारच्या कढईकडे.

"आता पाहा," गंगाधरराव म्हणाले. "शेवटचा संस्कार मी स्वतः करतो."

त्यांनी तपेलं उचलून पहिल्या वाटीत ऐटीत दूध ओतलं. क्षणभर हिरव्यावर पांढरी वेल उमटली, अगदी मासिकात छापावी तशी. मग वेल थांबली. तिच्या गुठळ्या झाल्या. गुठळ्या एकीकडे, हिरवं पाणी एकीकडे. जणू दोन भावांनी वाटण्या करून घेतल्या. गंगाधररावांनी चमच्यानं ढवळलं, तेव्हा तर वाटणीचा खटलाच उभा राहिला.

"असंच असतं हे," ते म्हणाले. "याला, याला साहेब लोक दाणेदार म्हणतात." आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत त्यांनी उरलेल्या वाट्यांतही दूध ओतून टाकलं.

वकिलांना चमच्याची सवय नव्हती. त्यांनी वाटी उचलली आणि ताक भुरकावं तसं भुरकलं. त्यांचे डोळे मिटले. एक डोळा बराच वेळ उघडलाच नाही.

"औषधी आहे का?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"पौष्टिक आहे."

"तेच ते," वकील म्हणाले, आणि त्यांनी मिठाची ताटली जवळ ओढली.

लीलाताईंनी चमचाभर घेतलं, जिभेवर ठेवलं, आणि चमचा शांतपणे खाली ठेवला.

"गंगाधरराव, दूध नासलंय. हा चुका आहे."

"काय नासलं?" दार धाडकन उघडलं आणि सोवळ्यातल्या सासूबाई उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. "माझ्या घरात आजवर दूध नासलेलं नाही! चुका कुठून आला? पालक होता ना रे? अगं ए, काय घातलंस तू?"

सरोजिनीनं नवऱ्याकडं पाहिलं. नवरा आढ्याकडं पाहत होता. तिथं एक पाल होती, पण एवढं बघण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

"तिचा दोष नाही हो," गंगाधरराव आढ्याला म्हणाले. आवाज अगदी मऊ, आभाराच्या भाषणातला. "मी पालक सांगितला होता. पण पालक कुठला नि चुका कुठला, हे तिला कळणार कसं? अडाणीपण! म्हणूनच मी गावभर सांगत फिरतो, की बायकांना शिकवलं पाहिजे."

वकिलांनी या विचाराला मान डोलावली. ती मान डोलावताना वाटी दूर सारायची सोय होती.

"मग पाठवा की हिला," लीलाताई म्हणाल्या. "जूनमध्ये शाळा उघडतेय."

इथं गंगाधररावांचा जो घोटाळा झाला, तो अति तयारीचा घोटाळा होता. जे वाक्य जूनसाठी, बायकोसाठी राखून ठेवलं होतं, ते इतकं घोटलेलं होतं की नको त्या वेळी, नको त्या माणसापुढं आपसूक बाहेर पडलं.

"तिच्या जोगता वर्ग भरला ना पण!"

लीलाताईंनी चष्मा काढला. "कुणी सांगितलं?"

"असं... कानावर आलं."

"माझ्या कानावर यायचंय अजून. मराठी पहिलीपासून इंग्रजी चौथीपर्यंत निम्मी बाकं रिकामी आहेत." त्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही आमच्या समितीवर येणार म्हणता, आणि आमचे वर्ग तुम्ही परस्पर भरून टाकता?"

वकील खोकले. तो खोकला मिठाचा होता की कायद्याचा, ते कळलं नाही.

"तसं नव्हे," गंगाधररावांनी घाम पुसला. "खरं सांगायचं तर... तिचीच इच्छा नाही. मी लाख म्हणेन, पण तिचा ओढा चुलीकडं. मी जबरदस्ती करणारा माणूस नव्हे. विचारा ना तिलाच."

'विचारा तिलाच' हे त्यांनी किती निश्चिंतपणे म्हटलं! सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा नासलेल्या दुधाचा शोकही तेवढ्यापुरता ओसरला. मुकी सून मिळणं हे भाग्य कशाला म्हणायचं, ते अशा वेळी कळतं.

सगळ्यांनी सरोजिनीकडं पाहिलं. रिकामा ट्रे दोन्ही हातांत धरून ती दारापाशी उभी होती. वाट्यांवर तिच्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं, आणि त्या नावाखाली हिरवं पाणी निवत होतं. लीलाताई वाट पाहत होत्या. वाट पाहायची त्यांना सवय असावी.

'प्रथमतः मी असे विचारते की', सरोजिनीनं मनात सुरुवात केली. पुढचं आठवेना. बार्शी गेली, दिलेला शब्द गेला, फट गेली, डोळ्यांत पाणी आणणारा शेवट गेला. इतके दिवस न वापरलेला आवाज गंजलेल्या कडीसारखा कुरकुरला, आणि जे काही बाहेर आलं ते तिचं तिलाही धड ऐकू आलं नाही.

"मला यायचंय."

वकिलांना शब्द पोचलेच नाहीत. त्यांना दिसलं ते एवढंच, की हातात ट्रे घेतलेल्या घरातल्या बाईचे ओठ हलले. आणि याचा अर्थ त्यांच्या उभ्या आयुष्यात एकच होत आला होता. त्यांनी घाईघाईनं दोन्ही तळवे वाटीवर पालथे घातले.

"नको, नको, वहिनी! अगदी गळ्याशी आलंय!"

"आग्रह करू नये गं इतका," सासूबाई म्हणाल्या.

"नको म्हणताहेत ना ते," गंगाधरराव म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट ऐकू आला. "जा आत."

सरोजिनीनं ट्रे टेबलावर ठेवला. चांदीच्या वाट्या खणखणल्या.

"वाढत नाहीये मी," ती म्हणाली, गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या नागव्वालाही ऐकू जावं इतक्या मोठ्यानं. "शाळेत येते म्हणतेय!"